एप्रिल-मेमध्ये युरोप: देश नंतर, आधी तारीख ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकहून पाच जण, तुम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. बाबा ६९, बीपीची गोळी चालू, आई पूर्ण शाकाहारी. मुलाची परीक्षा संपली की २२ एप्रिलच्या आसपास निघायचं नाहीतर मग १२ मेच्या सुमाराला, दोन्ही चालतंय, दिवस १२. यादीत पॅरिस, ॲमस्टरडॅमचे ट्युलिप, मुलाला खेळायला स्वित्झर्लंडचा बर्फ, रोम, व्हेनिस, प्राग आणि जमलं तर स्पेन. एका एजंटने हे सगळं १२ दिवसांत बसवूनही दिलंय आणि तुम्ही विचारताय की यातलं वसंतात काय चांगलं.

मी पुण्यातून छोट्या ग्रुपच्या युरोप टूर आखतो आणि सीझनमध्ये स्वतः घेऊनही जातो, त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो. रोज हॉटेल बदलायचं, सकाळी सहाला बॅगा लॉबीत, असला प्रकार मी करत नाही आणि ६९ वर्षांच्या माणसाला तर अजिबात करायला लावणार नाही. ज्यांना तसं चालतं त्यांनी खुशाल करावं, पैशाच्या हिशोबात ते स्वस्तही पडतं.

पण तुमचा खरा प्रश्न "कुठलं शहर चांगलं" हा नाहीच आहे. २२ एप्रिल आणि १२ मे या दोन तारखांना युरोप दोन वेगळे असतात, आणि तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी एका तारखेला मिळतात, निम्म्या दुसरीला. आपल्याकडे मान्सून १ जूनला केरळात, मग कोकण, मग मुंबई, मग विदर्भ असा चढत येतो ना, तसाच तिकडचा वसंत दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत जातो. सेव्हिलमध्ये रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या झाडांना मार्चमध्येच मोहोर येतो आणि सगळं गाव घमघमतं, हॉलंडमध्ये ट्युलिप एप्रिलच्या मध्याला भरात येतात, आणि नॉर्वेच्या हार्डांगर भागात फियॉर्डच्या काठची सफरचंदाची झाडं फुलायला मेचा मध्य उजाडतो. ही झाली उत्तर-दक्षिण. त्यात उंचीचा हिशोब वेगळा, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये एकाच दिवशी खाली वसंत आणि वर चक्क जानेवारी असतो. "एप्रिलमध्ये युरोपात थंडी असते का" याला म्हणूनच एक उत्तर नाही, कुठल्या अक्षांशावर आणि किती उंचीवर ते आधी सांगा.

आता ट्युलिप, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. लोकांच्या डोक्यात ट्युलिप म्हणजे एकच गोष्ट असते पण तिथे गोष्टी दोन आहेत, एक कॉयकेनहॉफची बाग आणि दुसरी शेतं. कॉयकेनहॉफ हे लिसे गावाजवळ ३२ हेक्टरचं उद्यान, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत म्हणजे जेमतेम आठ आठवडे उघडं, बाकी वर्षभर बंद. तिथे दर शरदात जवळपास ७० लाख कंद हाताने लावतात आणि ते एकावर एक थरात, लवकर फुलणारे वर आणि उशिरा फुलणारे खाली असे, म्हणजे एक बहर संपला की त्याच वाफ्यातून दुसरा वर येतो. त्यामुळे बागेत शेवटच्या दिवसापर्यंत काही ना काही फुललेलं असतंच, शिवाय आत काचेचे हॉल आहेत, पाऊस लागला तर तिथे.

शेतांचं तसं नाही. शेतकऱ्याला फूल विकायचंच नसतं, त्याचा माल जमिनीखाली आहे. फूल पूर्ण उमललं, त्यात रोगट झाड किंवा भलत्याच जातीचं झाड मिसळलंय का ते बघून झालं, की तो मशीन फिरवून सगळी फुलं कापून टाकतो, कारण फूल राहिलं तर झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि कंद बारीक राहतो. आज सकाळी लाल-पिवळा पट्टा दिसला आणि दुपारी परत आलो तर नुसते हिरवे दांडे, सरींमध्ये पाकळ्यांचा चिखल आणि बांधाला मुंडक्यांचा ढीग, हे मी ग्रुपसोबत बघितलंय, एका काकूंना तर इतकं वाईट वाटलं की त्या ढिगातली दोन फुलं उचलून पर्समध्ये घेऊन आल्या. तर सांगायचा मुद्दा असा की शेतं बघायची तर एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात बरा, २२-२५ एप्रिल म्हणजे बहुतेक वर्षी चालून जातं पण मार्च गरम गेला असेल तर बरीच शेतं कापलेली असतात, आणि १२ मेला काहीच नाही, ना शेतं ना बाग. एजंटने मेच्या मध्यावरच्या तारखेला "ट्युलिप गार्डन" लिहून दिलं असेल तर त्याला विचारा कुठलं ते. आणि शेतात फोटोसाठी आत घुसू नका, झाडं तुडवली जातात, बुटाला लागून रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो आणि शेतकरी वैतागतात ते योग्यच आहे. कडेला उभं राहून फोटो तितकाच छान येतो.

बाबांच्या दृष्टीने कॉयकेनहॉफ सोपं आहे, सगळं सपाट, पक्क्या वाटा, बसायला भरपूर बाकडी. तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, बसचं धरून कॉम्बी घ्या आणि सकाळचा पहिला नाहीतर दुपारी तीननंतरचा स्लॉट घ्या, मधल्या वेळात टूरच्या बसगाड्या लागतात. राहायला ॲमस्टरडॅमपेक्षा हार्लेम किंवा लायडन बघा, दोन्हीकडून बागेची बस आहे, गावं शांत आहेत, आणि ॲमस्टरडॅममध्ये हॉटेलच्या दरावर साडेबारा टक्के टुरिस्ट टॅक्स लागतो तोही वाचतो (इतर गावांचा स्वतःचा टॅक्स असतो पण कमी). हार्लेमहून ॲमस्टरडॅम ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर, जाऊन-येऊन करता येतं.

एक सावधगिरी. २७ एप्रिल हा त्यांच्या राजाचा वाढदिवस, २७ला रविवार आला तर आदल्या दिवशी साजरा करतात. सगळं ॲमस्टरडॅम नारंगी कपड्यात रस्त्यावर आणि कालव्यांत असतं, मध्यभागात ट्रॅम बंद, स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. तरुण पोरांना धमाल आहे, आई-बाबांना घेऊन नको. त्याच्या आधी हॉलंड उरकून निघा.

आता बर्फ. इथे तुम्ही निश्चिंत राहा, दोन्ही तारखांना बर्फ आहे, फक्त तो कुठे आहे हे समजून घ्या. खालचं गाव इंटरलाकेन ५७० मीटरवर, तिथून ट्रेनने गाठायचं डोंगरावरचं बर्फाचं ठिकाण युंगफ्राउयॉक ३४५४ मीटरवर. खाली १५ अंश असतील तर वर उणे चार-पाच आणि त्यावर वारा. तिथे बर्फ बाराही महिने असतो त्यामुळे मुलाची सोय पक्की. पण खाली गावांत बर्फ असेल, खिडकीतून पांढरं दिसेल, ही कल्पना डोक्यातून काढा. एप्रिलच्या शेवटी लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात हिरवंगार गवत आणि त्यात पिवळ्या डँडेलियनचा सडा असतो, गाई अजून खालीच असतात (वरच्या कुरणांत त्या जूनमध्ये जातात), आणि मान वर केली की डोंगराचा वरचा अर्धा भाग पांढरा. मेच्या मध्यावर तोच बर्फ वितळायला लागतो त्यामुळे धबधबे भरून वाहतात, जवळपास ३०० मीटरचा श्टाउबाख धबधबा तेव्हा बघण्यासारखा, मला विचाराल तर ऑगस्टमधल्या गर्दीत बारीक धारेचा बघण्यापेक्षा हा शंभर पटीने चांगला.

तोटाही सांगतो. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य हा तिथल्या डोंगरांचा मधला काळ आहे, स्कीइंग संपलेलं आणि उन्हाळा सुरू व्हायचाय, त्यामुळे बऱ्याच केबल कार आणि लिफ्ट मेंटेनन्ससाठी बंद असतात. श्यिनिगे प्लाट्टेची डोंगरगाडी तर जूनमध्येच चालू होते, फुर्का-ग्रिम्झलसारखे घाटरस्ते सहसा मेअखेर-जूनपर्यंत उघडत नाहीत. म्हणजे यूट्यूबवर जुलैचा व्हिडिओ बघून प्लॅन केला तर तिथे जाऊन कुलूप बघावं लागेल. युंगफ्राउयॉक आणि टिटलिस ही दोन मोठी ठिकाणं मात्र या काळात सहसा चालू असतात. दोन्ही करायची गरज नाही, एकच करा, आणि तिकीट आदल्या संध्याकाळी हवामान आणि वेबकॅम बघून काढा. ढगात वर गेलात तर पाचशे-हजार फ्रँक घालून पांढरी भिंत बघून याल.

बाबांसाठी: नवीन आयगर एक्सप्रेस केबल कार ग्रिंडेलवाल्डहून १५ मिनिटांत आयगरग्लेचरला पोचवते, पुढे ट्रेन, म्हणजे शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही. बीपी कंट्रोलमध्ये असलेले बरेच ज्येष्ठ माझ्यासोबत नीट जाऊन आलेत, पण हा निर्णय मी घेऊ शकत नाही, "साडेतीन हजार मीटरवर दोन तास" एवढंच सांगून डॉक्टरांना विचारा. वर हळू चालायचं, भरपूर पाणी प्यायचं, डोकं जड झालं तर पुढच्या गाडीने खाली. नकोच वाटलं तर आई-बाबांनी त्या दिवशी थूनच्या तलावात बोटीने फिरावं, स्विस ट्रॅव्हल पासमध्ये (ट्रेन-बस-बोटीचा एकत्र पास) ती फेरी धरलेली असते. त्याच पासवर मुलगा तुमच्यासोबत फॅमिली कार्डाने फुकट, सहा ते सोळा वयाच्या मुलांना ती सोय आहे. युंगफ्राउयॉकच्या वरच्या टप्प्याला मात्र पासवर फक्त २५ टक्के सूट, टिटलिसला ५० टक्के.

इटलीला वसंत म्हणजे खरा सीझन. रोममध्ये एप्रिलअखेर दुपारी २०-२१ अंश, मेच्या मध्यावर २३-२४, जूनच्या शेवटी तुम्हाला कळेल की लोक मेमध्ये का जातात. अव्हेंटिनो टेकडीवरची महापालिकेची गुलाबबाग एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि मेमध्ये भरात असते, प्रवेश फुकट, गर्दी जवळपास नाहीच. आईंना तिथे नक्की न्या. आईंसाठी अजून एक, वसंतात रोमला आर्टिचोक नावाच्या भाजीचा हंगाम असतो, ज्यू वस्तीतल्या हॉटेलांत ते अख्खे तळून कुरकुरीत देतात, कमळासारखे उमललेले, पूर्ण शाकाहारी. उलट पॅरिसचं कांद्याचं सूप शाकाहारी समजून लोक मागवतात ते बहुतेक ठिकाणी बीफच्या स्टॉकमध्ये केलेलं असतं, आणि पारंपरिक पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं. कडक पाळणाऱ्यांनी विचारून खावं. जर्मनी-हॉलंडमध्ये या दिवसांत पांढऱ्या ॲस्पॅरॅगसचं सगळीकडे कौतुक चालू असतं, चांगलं लागतं, पण सोबत हॅम येतं, "हॅम नको" असं आधीच सांगा.

व्हेनिसला एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी असते, आधी भरली तर ५ युरो, ऐनवेळी १०. तिथेच रात्री राहणाऱ्यांना ती माफ आहे पण साइटवर नोंदणी करावी लागते. फीपेक्षा बॅगांचा विचार करा, पायऱ्यांचे पूल चढत-उतरत पाच जणांच्या सुटकेस ओढणं म्हणजे सुट्टीची शिक्षा आहे, हॉटेल वापोरेट्टोच्या (कालव्यातल्या बोट-बसच्या) थांब्याला लागून असेल असंच घ्या.

स्पेन या वेळी सोडा. वाईट म्हणून नाही, उलट आई-बाबांना थंडीच सोसत नसती तर मी बाकी सगळं सोडून दक्षिण स्पेनमधला अंडालुसियाच सांगितला असता, सेव्हिल-कोर्दोबा-ग्रानादा, एप्रिलमध्ये २३-२४ अंश, मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोबात लोक आपल्या घरांची फुलांनी सजवलेली अंगणं बघायला उघडी ठेवतात. पण ती स्वतंत्र १० दिवसांची ट्रिप आहे, ॲमस्टरडॅमला जोडायची नाही. प्रागचंही तेच, सुंदर आहे, १ मेला तिथली जोडपी पेट्रशीन टेकडीवर फुललेल्या चेरीखाली उभी राहून एकमेकांना किस करतात अशी प्रथा आहे, आई-बाबा सोबत असताना तो दिवस टाळलात तरी चालेल.

सुट्ट्या बघितल्याशिवाय कुठलंही बुकिंग करू नका. ईस्टर दरवर्षी सरकतो, २०२७ला २८ मार्च, २०२८ला १६ एप्रिल, आणि त्याच्या आगेमागे आठवडाभर तिथल्या शाळांना सुट्ट्या, हॉटेलं महाग. सेव्हिलची फेरिया म्हणजे मोठी जत्रा सहसा ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी. २५ एप्रिल इटलीत सुट्टी, १ मे जवळपास सगळीकडे, फ्रान्समध्ये ८ मे, आणि ईस्टरनंतर ३९व्या दिवशी असेन्शन या ख्रिश्चन सणाचा गुरुवार, ज्याला जोडून लोक चार दिवस बाहेर पडतात. पॅरिसला मंगळवारी लूव्र म्युझियम बंद असतं, फ्लॉरेन्सला सोमवारी उफिझी म्युझियम बंद असतं, एवढ्यावरून लोकांचे दिवस वाया गेलेले मी बघितलेत.

तर तुमच्यासाठी माझे दोन प्लॅन, ११ रात्री धरून.

२२ एप्रिलला निघालात तर: हार्लेम ३ रात्री, पॅरिस ३, लाउटरब्रुनेन किंवा इंटरलाकेन ५. ॲमस्टरडॅम-पॅरिस युरोस्टारने साधारण तीन तास वीस मिनिटं, पॅरिसहून बाझेल तीन तास, पुढे इंटरलाकेन दोन. एकही विमान मध्ये नाही. राजाच्या वाढदिवसाला तुम्ही पॅरिसमध्ये, १ मेला स्वित्झर्लंडमध्ये. पॅरिसमध्ये एक दिवस काढून जिव्हर्नीला चित्रकार मोनेची बाग बघा, १ एप्रिलपासून उघडी असते. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी घ्या, ॲमस्टरडॅमला उतरायचं आणि झुरिकहून परत.

१२ मेला निघालात तर ट्युलिपवर पाणी सोडा आणि असं करा: रोम ४, व्हेनिस २, स्ट्रेझा १, मग स्वित्झर्लंड ४. स्ट्रेझाचं नाव तुमच्या यादीत नाही, एजंटच्याही नसेल. हे माज्जोरे तलावाकाठचं गाव, मिलानहून डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या रेल्वेलाइनवरच आहे, काही एक्सप्रेस गाड्या तिथे थांबतात, म्हणजे व्हेनिस ते इंटरलाकेनचा लांबलचक दिवस मध्येच तुटतो. आणि समोर तलावात बेटांवर जुन्या घराण्याच्या बागा, इझोला बेल्ला आणि इझोला माद्रे, मेमध्ये तिथे अझेलिया-ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले. आईंना फुलं बघायचीत म्हणालात ना, ती हौस इथे भागते.

दोन्हींतला मी कुठला निवडेन? मुलाला एक बर्फ सोडला तर काही फरक पडणार नाही. आई-बाबांना थंडी सोसत असेल तर पहिला, कारण ट्युलिप एकदाच बघायचेत आणि ते नंतर कधी सोयीने मिळत नाहीत. हॉलंडमध्ये एप्रिलला कमाल १३-१४ अंश, वारा आणि मधूनमधून गारांचा शिडकावाही असतो, तर गुडघेदुखी, दम्याची तक्रार असेल तर दुसरा. दम्यावरून आठवलं, एप्रिलमध्ये मध्य आणि उत्तर युरोपात बर्च झाडाचे परागकण हवेत भरलेले असतात, कोणाला ॲलर्जी असेल तर गोळ्या आणि इनहेलर इथूनच न्या, प्रिस्क्रिप्शनसकट. कपड्यांचं म्हणाल तर एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा थर्मल, पातळ फ्लीस आणि वर पावसाचा वारारोधक जॅकेट, सकाळी तिन्ही घालायचे, दुपारी दोन काढून हातात. छत्री हॉलंडच्या वाऱ्यात उलटी होते, नेऊ नका.

आता व्हिसा, कारण इथे उशीर केला तर वरचं सगळं फोल. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) घ्यायचा, म्हणजे पहिल्या प्लॅनला स्विस, दुसऱ्याला इटालियन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि एप्रिल-मेच्या प्रवासासाठी अपॉइंटमेंट फेब्रुवारीनंतर मिळायला जड जातं, डिसेंबर-जानेवारीत उरका. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराच्या आतल्या मुलाला ४५, वर सेंटरचा चार्ज वेगळा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो, पण बाबांच्या पॉलिसीत बीपीसारखे आधीचे आजार धरलेत का ते वाचून घ्या, व्हिसापुरती स्वस्त पॉलिसी तिथे दवाखान्यात कामाला येत नाही. बॉर्डरवर आता पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात (बाराच्या आतल्या मुलांचा फक्त फोटो), पहिल्यांदा जाणाऱ्यांना वेळ लागतो, म्हणून कनेक्टिंग विमान दुसऱ्या शेंगेन शहरातून असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

आणि खाण्याच्या बॅगेबद्दल विचारलंय म्हणून. चिवडा, खाकरा, मेतकूट, इन्स्टंट उपम्याची पाकिटं, कोरडी चटणी खुशाल न्या. दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाही, त्यामुळे तुपाचा डबा आणि पेढे घरीच. मेमध्ये जाणारे हमखास नातेवाइकांसाठी हापूसची पेटी बांधतात, तीही चालत नाही, ताज्या फळांना सरकारी फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याचं) सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. कढीपत्ताही नाही. स्वित्झर्लंडचे नियम साधारण असेच आहेत. तारीख ठरली की इथेच लिहा, मग ट्रेनची तिकिटं कुठली आधी काढायची आणि कुठली तिथे जाऊन, ते सांगतो.